इंदूरहून परदेशी: म्हातारपणाच्या मुक्कामाची शंभर वर्षं

इंदूरच्या मराठी माणसाने परदेशात उर्वरित आयुष्य काढायची गोष्ट सुरू होते ती पस्तिशीतल्या एका निवृत्तीपासून. जानेवारी 1925मध्ये मुंबईत मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला आणि त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोचले. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांपुढे दोन वाटा होत्या: चौकशीला सामोरं जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी 1926मध्ये त्यांनी गादी मुलाला, यशवंतरावांना दिली. पुढे पॅरिसजवळच्या साँ-जर्मां-आँ-ले इथला हेनमाँचा वाडा त्यांच्या मालकीचा झाला. आज तिथे एक आंतरराष्ट्रीय शाळा आहे. तुकोजीराव वारले ते 1978मध्ये, पॅरिसमध्येच.

कायद्याचा काच खरा दिसतो तो त्यांच्या पत्नीच्या बाबतीत. सिएटलच्या नॅन्सी अॅन मिलर यांनी हिंदू धर्म स्वीकारला आणि मार्च 1928मध्ये नर्मदाकाठच्या बडवाहला तुकोजीरावांशी लग्न केलं. त्या शर्मिष्ठादेवी झाल्या. त्या काळी हिंदी माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नसे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1923मध्येच तसा निकाल दिला होता. आणि 1922चा कायदा असा, की नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन बाई स्वतःचंच नागरिकत्व गमावते. ही तरतूद 1931मध्ये गेली. राजाला फ्रान्समध्ये घर घेता येत होतं, पण त्याच्याशी लग्न करणाऱ्या बाईचं नागरिकत्व मात्र कायदा हिरावून घेत होता.

1946मध्ये अमेरिकेने हिंदी लोकांना वर्षाला 100 स्थलांतरितांचा कोटा दिला. खरा बदल झाला 1965च्या कायद्याने. नागरिकाचे आईवडील त्यात जवळच्या नातलगांत धरले गेले आणि त्यांच्या व्हिसाला संख्येची मर्यादा राहिली नाही. मूल नागरिक हवं आणि 21 वर्षं पूर्ण झालेलं हवं, एवढीच अट. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन, गोविंदराम सेकसरियातून इंजिनियर होऊन जी मुलं गेली, त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी नोकरी, मग ग्रीन कार्ड, त्यानंतर पाचेक वर्षांनी नागरिकत्व आणि मग आईबाबांचा अर्ज.

त्या अर्जाची खरी मेहनत मात्र इंदुरात व्हायची. होळकर राज्यात घरीच जन्मलेल्या आईचा जन्मदाखला कुठून आणणार? मग नगर निगमातून ‘नोंद उपलब्ध नाही’ असं पत्र आणायचं आणि जन्माची माहिती असलेला, तिच्याहून वडील असा नातलग शोधून त्याचं शपथपत्र करायचं. सत्तरीच्या बाईसाठी असा माणूस हयात सापडणं हीच परीक्षा. लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं तिसरंच. एवढं जुळलं की अवंतिका एक्सप्रेसने मुंबई. वैद्यकीय तपासणी, लसी आणि मुलाखत. 2011पर्यंत अमेरिकेची वकिलात ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती, म्हणजे मूळच्या वांकानेर महाराजांच्या वाड्यात. आता ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

बाकीच्या देशांनी दार हळूहळू ओढून घेतलं. कॅनडाने नोव्हेंबर 2011मध्ये आईवडिलांसाठीचे अर्ज थांबवले आणि त्याच सुमारास सुपर व्हिसा आणला: या, राहा, पण आरोग्यविमा स्वतःचा काढा आणि कायमचे म्हणून राहू नका. 2014मध्ये अर्ज पुन्हा सुरू झाले खरे, पण मर्यादित संख्येने; पुढे तर चिठ्ठ्या टाकून निवड होऊ लागली. ब्रिटनने जुलै 2012मध्ये नियम असे कडक केले की रोजची देखभाल मायदेशी पैसे देऊनही मिळत नाही हे सिद्ध करावं लागतं. पोळ्यावाल्या बाई सहज मिळणाऱ्या इंदुरातून ते कोण सिद्ध करणार! ऑस्ट्रेलिया आधी मुलं मोजते: निम्मी तरी तिथे हवीत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त हवीत. मग दोन रांगा. एक माणशी 40 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक भरणाऱ्यांची, दुसरी स्वस्त, जिचा अंदाज तीस वर्षांच्या घरात जातो. साठीच्या माणसाला तीस वर्षांची रांग दाखवण्यापेक्षा सरळ नाही म्हणावं, ते अधिक सभ्यपणाचं. माझ्या मते या सगळ्या नियमांमागे एकच हिशेब आहे: 1965मध्ये जे आईवडील कुटुंब होते, ते आता दवाखान्याचा खर्च झाले आहेत.

अमेरिकेत दार अजून उघडं आहे, पण 2000नंतर गेलेली आपली बरीच मुलं स्वतःच ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकली आहेत. ती नागरिक होईपर्यंत आईबाबा सहा-सहा महिन्यांचे पाहुणेच, तेही बहुधा नातवंडं लहान असताना. याला निवृत्ती म्हणणं धाडसाचं आहे. सकाळी बाळाची बाटली, दुपारी झोपवणं, संध्याकाळी वरणभात.

ज्यांना ग्रीन कार्ड मिळालं, त्यांना पैशाचे नियम उशिरा कळले. मेडिकेअर 65 नंतर मिळतं, पण तिथे नोकरी न केलेल्यांना आधी सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं आणि मग हप्ते भरून ते घ्यावं लागतं. कार्डधारकाला जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेला द्यावा लागतो. इंदूरच्या बँकेतली मुदत ठेव, पेन्शन, सुदामा नगरच्या घराचं भाडं, सगळं. परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही 10 हजार डॉलरच्या वर गेली, तर वेगळी माहिती भरायची. इकडे बचत खातं अनिवासी साधारण खात्यात बदलायचं, आणि पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला. शिवाय वर्षभराहून अधिक काळ इंदुरात राहिलं तर कार्ड धोक्यात येतं. आधी पुनर्प्रवेशाचा परवाना काढून ठेवला तर दोन वर्षांपर्यंत सवलत मिळते. 2020मध्ये विमानं बंद पडली आणि ही वर्षाची मुदत अनेकांसाठी इंदुरातच उलटून गेली.

जानेवारी 2023मध्ये प्रवासी भारतीय दिवस इंदुरात भरला. शहराने परदेशस्थ पाहुण्यांना घराघरांत उतरवून घेतलं, पोहे-जिलबी झाली, गुंतवणुकीची भाषणं झाली. म्हाताऱ्यांची वाहतूक तेव्हाही दोन्ही दिशांनी चालूच होती. अलीकडे कार्ड स्वखुशीने परत करणारेही भेटतात. त्यासाठी आय-407 नावाचा अर्ज असतो. तो भरला की रहिवासी म्हणून असलेलं नातं संपतं, आणि नातवाच्या मुंजीला जायचं तर पुन्हा मुंबईला जाऊन साध्या पाहुण्याचा व्हिसा मागायचा. तो मिळाला तर बहुतेकदा दहा वर्षांचा असतो.