गुआर्दिए ए लाद्री
'गुआर्दिए ए लाद्री' (अर्थ: पोलीस आणि चोर) हा इ.स. १९५१ मध्ये प्रदर्शित झालेला इटालियन विनोदी चित्रपट आहे. मारिओ मोनिचेल्ली व स्तेनो हे त्याचे दिग्दर्शक होत.

कथानक
रोममध्ये पर्यटकांना बनावट प्राचीन नाणी विकणारा एस्पोसितो (तोतो) हा स्थूल, सहृदय पोलीस बोत्तोनी (आल्दो फाब्रीत्सी) याच्या हातून निसटतो. त्याला ठरावीक मुदतीत न पकडल्यास बोत्तोनीची नोकरी जाणार असते. साध्या वेशात चोराच्या घरी जाता-येता दोन्ही कुटुंबांत स्नेह जुळतो आणि अटक करणे बोत्तोनीला जड जाते. अखेरीस चोरच पोलिसाला तुरुंगाच्या वाटेवर नेतो. युद्धोत्तर दारिद्र्यात दोघांची विवंचना एकच असल्याचे चित्रपट दाखवतो.

१९५२ च्या कान चित्रपट महोत्सवात त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला.