स्टॉकव्हिपची दुरुस्ती आणि निगा

ऑस्ट्रेलियातले गुराखी घोड्यावर बसून गुरे हाकतात तेव्हा त्यांच्या हाती असतो तो स्टॉकव्हिप. सिडनी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा २००० साली अशाच एका चाबकाच्या कडाक्याने सुरू झाला. उत्तम स्टॉकव्हिप कांगारूच्या कातड्याच्या वाद्या काढून हाताने विणतात. हे कातडे पातळ असूनही चिवट असते, कारण त्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर असतात. असा चाबूक फार वर्षे टिकतो. त्यासाठी टोकाची झीज वेणीपर्यंत पोहोचू द्यायची नाही.

टोक आधी का झिजते

मनगटाच्या झटक्याने चाबकात एक वळसा तयार होतो. चाबूक टोकाकडे निमुळता होत जातो, तसा या वळशाचा वेग वाढतो आणि अखेर ध्वनीच्या वेगालाही मागे टाकतो. गोरिएली आणि मॅकमिलन या गणितज्ञांनी २००२ साली दाखवले, की कडाका उठतो तो या वळशामुळे. सगळा ताण मात्र टोकावर येतो. म्हणून तिथे क्रॅकर, म्हणजे पीळ दिलेली बारीक दोरी बांधतात. ती झिजण्यासाठीच असते. पिंजली की लगेच बदलावी. क्रॅकरशिवाय चाबूक वाजवला, तर त्यामागची वादी फाटू लागते.

फॉल बदलणे

क्रॅकर आणि वेणी यांच्यामधली एकेरी वादी म्हणजे फॉल. तिचे टोक फाटले तर तेवढे कापून क्रॅकर पुन्हा बांधता येतो. फार आखूड झाली की नवी घालावी. जुनी गाठ सोडण्याआधी तिचा फोटो काढून ठेवावा. वेणीची टोके कोरडी असतील तर वाकवताना तुटतात, म्हणून आधी त्यांना थोडी चरबी चोळावी. नव्या वादीच्या वरच्या टोकाला चीर असते. तिच्यातून वेणीचे टोक ओवून गाठ घट्ट आवळावी.

चरबी किती लावावी

चरबी आणि मेण यांचे मिश्रण बोटाने चोळावे, वाद्यांच्या फटीत मुरू द्यावे आणि उरलेले पुसून टाकावे. सढळ हाताने तेल पाजण्याचा मोह फार जणांना होतो आणि माझ्या मते चांगले चाबूक त्यानेच अधिक बिघडतात. कातडे लिबलिबीत होते, ताणले जाते, वेणी सैल पडते. चाबूक भिजला तर सावलीत टांगून वाळवावा. ऊन किंवा शेगडी नको. चरबी त्यानंतर.

मूठ आणि वेणी

मूठ आणि वेणी एकमेकांत अडकवलेल्या कातडी फाशांनी जोडलेल्या असतात. या कीपरना भेगा दिसल्या की ते बदलावेत.

वेणीच्या मध्यावरची वादी तुटली, तर गोंद लावू नये. तिथे नवी वादी जुनीच्या जोडीने थोडे अंतर विणून घ्यावी लागते, ताणही मूळ विणीइतकाच हवा. हे काम कारागिराकडेच द्यावे. तोवर चाबूक वाजवू नये, कारण शेजारच्या वाद्यांवर जास्तीचा ताण येतो. डांबरी रस्त्यावर किंवा खडीवर तर धड चाबूकही आपटू नये.