बंद दार कोणाच्या शब्दानं उघडतं?

आपल्या भंडाऱ्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं ती उठवली. मग बंद दुकानांची झाडलोट, रंगरंगोटी झाली, शटरं वर गेली. दारू चांगली की वाईट, हा आजचा प्रश्न नाही. दार कोणाच्या शब्दानं उघडलं, ते बघू.

इंग्लंडमध्ये काही ठिकाणी गावकरी वर्गणीचे शेअर काढून बंद पडलेला पब विकत घेतात, डागडुजी करून चालवतात. म्हणजे उघडणाराच जबाबदारही असतो.

आपल्याकडे दुकान बंद करण्यासाठी गावाला मत आहे. बायकांचं गुप्त मतदान होतं: उभी बाटली की आडवी. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. त्या दिवशी जी बाई रोवणीला गेली, तिचं मौन उभ्या बाटलीच्याच कामी येतं.

आता तोलून बघा. उघडायला मुंबईतली एक बैठक पुरली. पुन्हा बंद करायला मात्र गावोगावी निम्म्याहून जास्त बायका जमवाव्या लागतात. संमती गृहीत धरायची आणि विरोध तेवढा सिद्ध करायला लावायचा, याला न्याय म्हणायचं का?