ठसा एकाचा, प्रती दुसऱ्याच्या

महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाच्या हातून बल्लारपूरचा कागद कधी ना कधी गेलेला असतो. १९४५ साली स्थापन झालेली बल्लारपूरची कागद गिरणी जुन्या चांदा जिल्ह्यातील बांबूवर उभी राहिली. ऑगस्ट १९८२ मध्ये या जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. गिरणी चंद्रपुरात राहिली आणि बांबूचे विस्तीर्ण वन गडचिरोलीच्या वाट्याला आले. वह्या, पुस्तके, दिवाळी अंक आणि सरकारी नमुने यांच्यासाठी लागणाऱ्या कागदाचा एक मोठा उगम अशा रीतीने या दोन वनजिल्ह्यांत आहे. परंतु ज्या मुलखाने कागद पिकविला, त्या मुलखात कागदावर चित्र काढून किंवा ठसा उमटवून पोट भरू पाहणाऱ्या माणसाची अवस्था काय आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कलेची चर्चा रसिकांकडे आणि रोजगाराची चर्चा अर्थतज्ज्ञांकडे, अशी वाटणी झाल्यामुळे चित्रकाराचा उदरनिर्वाह हा विषय दोघांच्याही कक्षेबाहेर राहिला आहे.

स्वतंत्र व्यवसाय करणारा चित्रकार हा आर्थिकदृष्ट्या मोठा विचित्र प्राणी आहे. त्याला मालक नाही, म्हणून पगार, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी नाही. तो स्वतःचा मालक आहे असे म्हणावे, तर त्याच्यापाशी भांडवल नाही. रंग, शाई, कागद, कोरण्याची हत्यारे आणि आता संगणक, हा सर्व खर्च त्याचा. काम मिळविण्यासाठी घातलेले हेलपाटे, नापसंत झालेले कच्चे नमुने, गिऱ्हाइकाने ऐन वेळी सुचविलेले बदल आणि शेवटी पैशासाठी केलेल्या तगाद्यातले दिवस यांचा हिशेब कोणत्याही बिलात मांडला जात नाही. ज्याला आपण चित्राचा मोबदला म्हणतो तो वस्तुतः या सर्व दिवसांचा मोबदला असतो. पण देणारा मात्र चित्र काढायला किती तास लागले एवढेच पाहतो. आणि मग ‘दोन तासांच्या कामाचे इतके पैसे?’ असा प्रश्न सहज विचारला जातो.

ठशाचे अर्थशास्त्र

मुद्राचित्रकाराचे दुखणे याहून थोडे निराळे आहे. लाकडावर, लिनोलियमवर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे ठसे घेणे हा त्याचा व्यवसाय. यातले बहुतेक श्रम पहिली प्रत निघण्यापूर्वीच होऊन गेलेले असतात. एकदा ठसा तयार झाला, की पुढच्या प्रत्येक प्रतीला लागतो तो थोडा कागद, थोडी शाई आणि काही मिनिटांची मेहनत. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर स्थिर खर्च मोठा आणि प्रतीमागचा वाढीव खर्च अत्यल्प. साहजिकच या धंद्यात फायदा होतो तो प्रतींच्या संख्येवर. म्हणून या व्यवसायातील खरा प्रश्न चित्राला किती पैसे मिळाले हा नसून वाढत्या प्रतींवर मालकी कोणाची, हा आहे. समजा, एका मुखपृष्ठासाठी चित्रकाराला दोन हजार रुपये मिळाले आणि पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या. लेखकाला प्रत्येक आवृत्तीवर स्वामित्वधन मिळते. मुद्रक, बांधणीवाला आणि विक्रेता यांनाही प्रत्येक वेळी आपापला वाटा मिळतो. चित्रकाराचे दोन हजार मात्र दोन हजारच राहतात.

इतिहास हेच सांगतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप मुद्रणालय काढले आणि देवादिकांची चित्रे घराघरांत पोहोचविली. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पण कर्जाच्या ओझ्यामुळे तो फ्रित्स श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्रे रविवर्म्यांच्या नावाने खपत राहिली, उत्पन्न मात्र दुसऱ्याचे झाले. मराठी मुखपृष्ठाला स्वतःचा चेहरा देणाऱ्या दीनानाथ दलालांनी (१९१६-१९७१) १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. रघुवीर मुळगावकरांनीही (१९१८-१९७६) स्वतःचे अंक काढले. या दोघांनाही केवळ चित्रकार राहून भागले नाही, प्रकाशक व्हावे लागले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. चित्राच्या प्रतींवर हक्क हवा असेल, तर अंकच आपला असला पाहिजे, हे त्यांनी व्यवहारातून ओळखले होते. वसंत सरवटे (१९२७-२०१६) यांच्यासारख्या श्रेष्ठ व्यंगचित्रकाराने तर स्थापत्य अभियंत्याची नोकरी सांभाळून चित्रकला केली. नोकरीने त्यांना जे स्वातंत्र्य दिले, ते चित्रकलेच्या मोबदल्याने दिले असते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

ज्याने ना नोकरी धरली ना अंक काढला, त्याचे काय होते हे पाहायचे असेल तर चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५-१९७८) यांचे आयुष्य पाहावे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात पायी हिंडून त्यांनी रेखाटने केली. ‘हंग्री बेंगॉल’ या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. पुढे ते मुंबईत आले आणि पक्षकार्यापासून दूर झाल्यावर अंधेरीत राहून स्वतंत्रपणे काम करीत राहिले. लिनोलियमचा तुकडा स्वस्त आणि त्याचा ठसा घेण्यास यंत्र लागत नाही. चमच्याच्या पाठीने कागद घासला तरी काम भागते. गरिबाला परवडणारे हे माध्यम त्यांनी गरिबांचे जीवन चितारण्यासाठी वापरले. बालमजुरांवरील त्यांची लिनोकट चित्रे १९६९ मध्ये युनिसेफच्या डॅनिश समितीने प्रसिद्ध केली. आज त्यांच्या ठशांना संग्राहकांच्या बाजारात मान आहे. ते स्वतः मात्र हलाखीत जगले.

झाडीपट्टीतील मागणी

हे सर्व मुंबई-पुण्याचे झाले. चंद्रपूर-गडचिरोलीत चित्राला गिऱ्हाईकच कोठे आहे, असे कोणी म्हणेल. हा समज खरा नाही. वडसा म्हणजे देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. दिवाळीनंतर धान घरात आले, की गावोगावी मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके रंगतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हा हंगाम चालतो. या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक प्रयोगाला भित्तिपत्रक लागते, हँडबिल लागते, रंगविलेला पडदा लागतो. याशिवाय १९५५ सालापासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या ताडोब्यामुळे पर्यटकांची वर्दळ आहे आणि वाघाच्या चित्राला मागणी आहे. माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या परिसरातली, त्यांच्या ओळखीची झाडे-पाखरे दाखविणारी पुस्तके हवी आहेत. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, निवडणुकीचा प्रचार हे तर सर्वत्रच आहे.

म्हणजे मागणी आहे. पण तिचे स्वरूप हंगामी आहे आणि तिच्यातील कौशल्याचा वाटा दिवसेंदिवस घटत आहे. फ्लेक्सच्या छपाईने पाट्या रंगविणाऱ्या पेंटरचा कुंचला बाजूला ठेवला. नाटकाच्या भित्तिपत्रकावर नटांची छायाचित्रे जोडली, की काम होते. त्यात अलीकडे संगणकाला चार शब्द सांगून चित्र मिळविण्याची सोय झाली आहे. ही यंत्रे अगोदर माणसांनी काढलेल्या असंख्य चित्रांवर शिकलेली असतात आणि त्या चित्रांच्या कर्त्यांना त्याबद्दल बहुधा काही मिळालेले नसते. यंत्राला विरोध करणे व्यर्थ आहे, हे खरे. शिळाछापाने लाकडी ठसा मागे टाकला, ऑफसेटने जस्ताचा ब्लॉक मागे टाकला. परंतु प्रत्येक वेळी बचत झाली ती कोणाच्या पदरात पडली, हे विचारण्याचा अधिकार समाजाला आहे.

कायद्याचे अंतर

या बाबतीत १९५७ चा कॉपीराइट कायदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. सर्वसाधारण नियम असा, की कृतीचा कर्ता हाच तिचा पहिला मालक. पण कलम १७ मध्ये अपवाद आहेत. मोबदला देऊन, कोणाच्या सांगण्यावरून रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा कोरीव ठसा तयार केला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक ठरतो तो काम सांगणारा. कोरीव ठशाच्या व्याख्येत याच कायद्याने शिळाछाप, लाकडी ठसे व इतर मुद्राचित्रे यांचा स्पष्ट समावेश केला आहे. ‘रेखाचित्र’ हा शब्द मात्र त्या अपवादात नाही. त्यामुळे पुस्तकासाठी पेनने काढलेल्या चित्राचा हक्क, लेखी हस्तांतर झाले नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो असा अर्थ निघतो. आणि तेच चित्र लाकडावर कोरले तर तो हक्क गिऱ्हाइकाकडे जातो! ज्या कलेचे सारे अर्थकारण प्रतींवर उभे आहे, तिच्याच कारागिराचा प्रतींवरील हक्क कायद्याने आधीच काढून घेतला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा जो वाटा सोडून देता येत नाही असा करून दिला, तसे संरक्षण चित्रकारांच्या वाट्याला आलेले नाही.

कायद्यात काही जमेच्या बाजूही आहेत. हस्तांतर लेखी आणि सहीचेच हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते समजले जाते. कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीची विटंबना थांबविण्याचा अधिकार कर्त्याकडे उरतो. थकलेल्या बिलांसाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा उपयोगी आहे. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, अन्यथा बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. चित्रकार ही नोंदणी करू शकतो. पण आपण ‘उद्योग’ आहोत हे त्याच्या स्वप्नातही नसते. शिवाय एकट्या माणसाने मोठ्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागणे म्हणजे पुढच्या कामावर पाणी सोडणे होय. हक्क कागदावर असणे आणि तो मागण्याचे बळ अंगी असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बांबूचा धडा

हे बळ कसे येते, याचे उत्तर शोधण्यासाठी गडचिरोलीबाहेर जाण्याची गरज नाही. कित्येक दशके येथील बांबू कागद गिरणीला भाडेपट्ट्याने दिला जाई आणि जंगलात राहणाऱ्या माणसाला मिळे ती केवळ तोडणीची मजुरी. बांबूची किंमत वाढली तरी मजुराच्या वाट्याला तिचा अंश येत नसे, कारण तो श्रम विकीत होता, माल नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवाना देण्यास वनखाते तयार नव्हते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवसापासून मजूर विक्रेता झाला. जंगल तेच, बांबू तोच, तोडणारे हातही तेच. बदलली ती मालकी. आणि ती बदलली कारण गाव एकत्र बसून निर्णय घेत होते.

चित्रकाराची स्थिती २०११ पूर्वीच्या बांबू तोडणाऱ्यासारखी आहे. त्याला तोडणीची मजुरी मिळते. रान दुसऱ्याचे असते. हे बदलता येते याचे उदाहरण शेजारच्या गोंड चित्रकारांनी घालून दिले आहे. मध्य प्रदेशातील भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती यांचे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ साली काढले. काळ्या कागदावर हाताने स्क्रीन प्रिंटिंग करून छापलेल्या या पुस्तकाला २००८ मध्ये बोलोन्या येथील बालपुस्तक मेळ्यात पारितोषिक मिळाले. मुखपृष्ठावर चित्रकार हेच लेखक आहेत. झाडांच्या कथा सांगणारे हे पुस्तक महाराष्ट्राच्या जंगलात होऊ शकले नसते, असे मुळीच नाही.

तेव्हा करावयाचे काय? कलम १७ मधील अपवादातून मुद्राचित्रे वगळावीत, ही मागणी कलावंतांच्या संस्थांनी आणि विद्यापीठांनी लावून धरली पाहिजे. कायदा बदलेपर्यंत एका पानाचा लेखी करार हा व्यवहाराचा रिवाज व्हावा: चित्र कशासाठी, किती प्रतींसाठी, किती वर्षांसाठी, आणि पुनर्मुद्रण झाल्यास किती. सरकारी खाती, २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ, जिल्हा परिषदा यांनी तरी असा करार केल्यावाचून चित्र घेऊ नये आणि चित्रकाराचे नाव छापल्यावाचून ते वापरू नये. मागणी हंगामी असल्यामुळे वडसा आणि चंद्रपूर येथील चित्रकारांनी सहकारी तत्त्वावर एक सामाईक मुद्रणशाळा चालविली, तर यंत्राचा खर्च वाटला जाईल आणि दर ठरविताना प्रत्येकाला एकट्याने वाकावे लागणार नाही. रविवर्म्यांना एकट्याने छापखाना पेलला नाही. दहा जणांना तो पेलू शकेल.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि कचेऱ्यांतील कर्मचारी यांचाही यात वाटा आहे, कारण स्मरणिका, वार्षिकांक आणि संमेलनाच्या पत्रिका यांसाठी चित्र मागणारे तेच असतात. ‘तुमचे नाव होईल’ या मोबदल्यावर चित्र मागणाऱ्या संपादक मंडळाने कागदवाल्यालाही एकदा तसे सांगून पाहावे. कागदाचे पैसे रोख आणि चित्राचे आभारात, हा हिशेब जोवर आपल्याला सहज वाटतो, तोवर चित्रकाराच्या दारिद्र्याबद्दल हळहळण्याला फारसा अर्थ नाही.