मागचं डावं चाक गप्प आहे

मे महिन्याची दुपार. हिंगोलीच्या बाहेर, अकोला–नांदेड महामार्गाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडखाली कंप्रेसर धडधडतोय. पारा 43वर आहे. पत्र्याची धग थेट डोक्यावर उतरते. रस्त्यावरून हळदीची पोती लादलेला ट्रक जातो, ताडपत्री फडफडते आणि तो ओळखीचा उग्र वास क्षणभर रबराच्या वासावर मात करतो.

रांग आहे. सगळ्यांत पुढे पाण्याच्या जारचा पिकअप. मग ट्रॅक्टरची ट्रॉली, एका बाजूने जॅकवर चढवलेली. तिच्यामागे वऱ्हाडाची जीप. काचेवरची झेंडूची माळ पार वाळून गेलीय. वऱ्हाडी मंडळी लिंबाच्या सावलीत पसरलीत. एक आजी पदराने वारा घेतेय आणि दर थोड्या वेळाने विचारतेय, "झालं का रे?" कुणी उत्तर देत नाही.

शेडच्या कडेला एमएच 38 पाटीची पांढरी मोटार उभी आहे. सात-आठ वर्षं वापरलेली, पण नीट ठेवलेली. मालक शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्या टायरला खिळा नाही, हवाही गेलेली नाही. तक्रार आहे ती डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याची.

"सर, गाडी चालू करा बरं एकदा."

कारागीर खिडकीतून आत डोकावतो. टायरचा छेद आणि मधोमध उद्गारचिन्ह, अशी ती खूण आधी मिनिटभर लुकलुकते आणि मग स्थिर होते. हवाच कमी असती तर ती पहिल्यापासून स्थिर राहिली असती. आधी लुकलुकते, याचा अर्थ चाकातला एखादा सेन्सर गाडीशी बोलायचा थांबलाय.

"लाईटच बंद करून टाका ना. हवा तर बरोबर आहे."

"बंद करून कसं जमंल सर? समृद्धीनं जायलात ना?"

जायचंच आहे. वाशिमकडून समृद्धीला लागायचं आणि पुढे नागपूर. मुंबई–नागपूर हा 701 किलोमीटरचा रस्ता, मोटारीला ताशी 120ची मुभा. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडत राहतात. रबर आतून तापतं. त्या वेगात टायर फाटला, तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही. या दिव्यावर चिकटपट्टी लावून फिरणाऱ्या गाड्या मी पाहिल्यात. मागच्या सीटवर लेकरं असतात. ती पट्टी बघून माझ्या पोटात गोळा येतो.

कारागीर कपाटातून मशिन काढतो. हातात मावणारं, वर छोटा पडदा, खाली बटणं, वायर कुठेच नाही. गाडीची कंपनी, मॉडेल, साल निवडतो आणि उन्हात उतरतो. मीही मागोमाग. पुढचं डावं चाक. मशिन व्हॉल्व्हजवळ धरून बटण दाबतो. मशिनमधून 125 किलोहर्ट्झची हाक जाते, आतला झोपलेला सेन्सर जागा होतो आणि 433 मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. बीप. पडद्यावर आठ अक्षरी नंबर, हवा 38, तापमान 52. पुढचं उजवं, बीप. मागचं उजवं, बीप. मागचं डावं. बटण दाबलेलंच. कंप्रेसर एकदम बंद पडतो आणि त्या शांततेत आम्ही सगळे त्या पडद्याकडे बघत राहतो. उत्तर नाही.

"सेल संपलाय." सेलची मुदत साधारण पाच ते दहा वर्षं. तो आत सीलबंद असतो, वेगळा बदलता येत नाही.

सर मात्र 38च्या आकड्यावर अडलेत. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर तर 33 लिहिलंय. "मग काढा थोडी हवा."

"नका काढू. ती थंड टायरची हाय." गाडी कळमनुरीहून धावत आलीय. तापमान 10 अंशांनी चढलं की हवा दीड-दोन पीएसआयने वाढते. आता कमी केली, तर उद्या पहाटे ती कमीच भरेल. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगतोय असं सांगतो.

चाक उतरतं. मशिनवर टायरचा काठ मोडायचा, पण पातं व्हॉल्व्हपासून लांब ठेवून, नाहीतर सेन्सरचा चुरा. काठ सुटतो, गरम हवेचा भपका येतो. रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, अर्ध्या काडेपेटीएवढी काळी डबी.

ती बाहेर येते तेव्हा तिच्यावर रबराचा काळा चुरा बसलेला असतो. कारागीर फडक्याला थुंकी लावून ती घासतो, उन्हात तिरपी धरतो. बारीक अक्षरं दिसू लागतात. "8 हाय का बी?" पोऱ्या वाकून बघतो. तिसरा माणूस म्हणून मी बघतो. बी आहे. जुना सेन्सर बोलत असता तर मशिनने नंबर स्वतःच उचलला असता. आता तो अक्षर-अक्षर टिपायचा. सगळं काम या आठ अक्षरांवर आहे. नव्या सेन्सरमध्ये हाच नंबर घातला, की गाडी त्याला आपलं जुनंच चाक समजते.

नवा सेन्सर मशिनच्या डोक्याशी ठेवतात. डब्यातले बाकीचे सेन्सर पोऱ्या उचलून पार टेबलापलीकडे नेतो, नंबर भलत्याच सेन्सरमध्ये जाऊ नये म्हणून. पडद्यावर पट्टी सरकते. बीप. या सगळ्या खटाटोपात सगळ्यांत कमी वेळ याच कामाला लागतो.

मागे नवी कोरी मोटार येऊन थांबते. मालक डिकी उघडून दाखवतो. स्टेपनीच नाही. त्या जागी छोटा पंप आणि पंक्चर बुजवायच्या द्रवाची बाटली. ऑक्टोबर 2020पासून नियमाने तशी मुभा आहे: साडेतीन टनांपर्यंतची प्रवासी गाडी, ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवा सांगणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी दिली नाही तरी चालते. रात्री सेनगावच्या आडरस्त्याला अशा गाडीचा मोठा आधार म्हणजे तो पिवळा दिवा. बाटलीतला द्रव वापरला, तर टायर उघडून सेन्सरचं छिद्र पुसून घ्यावं लागतं, हेही कारागीर त्यांना सांगून ठेवतो.

अमेरिकेत हवा सांगणारी ही यंत्रणा सक्तीची झाली ती माणसं गेल्यावर. टायरचे थर सुटून गाड्या उलटल्या, दोनशेहून जास्त मृत्यू झाले, तेव्हा 2000 साली कायदा आला. हवा 25 टक्क्यांनी उतरली की दिवा लागलाच पाहिजे, असं तिथे ठरलं.

इकडे सेन्सर रिमवर चढतो. नवी रबरी वायसर, नवा नट, मोजून ताणलेला. व्हॉल्व्हची पिन पांढरी, निकेलचा मुलामा दिलेली. ॲल्युमिनियमच्या नळीत पितळी पिन घातली, की ती कालांतराने गंजून बसते. टायर चढतो, काठ दोन आवाजांत रिमला बसतो. बॅलन्सिंगची वजनं लागतात. हवा 36.

"आता 36 ठेवलीय. सकाळी गाडी हलवायच्या आधी बघा, 33च्या आसपास येईल."

मशिन पुन्हा व्हॉल्व्हशी. बीप. तोच नंबर. आजी लिंबाखालून विचारते, "झालं का?" या वेळी पोऱ्या म्हणतो, "ह्यांचं झालं मावशी, तुमचं लावतो."

दिवा अजून पिवळाच आहे. गाडी चालल्याशिवाय तो जायचा नाही. सर महामार्गावर एक चक्कर मारून येतात आणि उतरायच्या आधीच खिडकीतून हात हलवतात. गेला दिवा.

पैसे देताना कारागीर तो मेलेला सेन्सर त्यांच्या हातावर ठेवतो. "बाकीचे तीनबी याच वयाचे हायत सर. पुढच्या वेळी टायर बदलायला याल तवाच ते बदलून घ्या. दुसऱ्यांदा काठ मोडायला नको."

"कधी बदलावे लागतील टायर?"

तो खाली बसतो, टायरच्या खाचेत नख घालून बघतो. "दिवाळीपर्यंत चालतील. पावसाळ्यात मात्र एकदा दाखवून जा."