सहा आकडे येतात कुठून? दुहेरी पडताळणीतली गुप्त किल्ली

आज नवेगाव बांधला बोलतोय, तर सुरुवात इथल्याच अडचणीपासून करू. ओटीपी येत नाही. तळ्याच्या पाळीवर एक दांडी रेंज असते, जंगलाच्या रस्त्याला लागलं की तीही जाते. बँकेचा किंवा ईमेलचा एसएमएस येतो तो दहा मिनिटांनी, म्हणजे मुदत संपल्यावर. म्हणून आम्ही सांगतो की जिथे सोय असेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा. गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम, शेअर बाजाराचे काही ब्रोकर, सगळीकडे ही सोय आहे.

आता एक करून बघा. ज्यांच्या फोनमध्ये हे ॲप आहे त्यांनी फोन फ्लाइट मोडवर टाका. इंटरनेट बंद, सिम बंद. तरी ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड येतच राहतो. कोणी पाठवतच नाही, तर येतो कुठून?

समजा, एका कुटुंबाची दोन घरं आहेत, एक नवेगावला आणि एक साकोलीला. त्यांनी आपलं स्वतःचं एक पंचांग हाताने लिहिलं, प्रत फक्त दोनच. आज कोणता शब्द ओळखीचा, हे नवेगावच्या माणसाला साकोलीला फोन करून विचारावं लागत नाही. दोघं आपापलं पंचांग उघडतात, तारीख बघतात आणि उत्तर एकच निघतं. ॲपचंही तसंच आहे. ते पंचांग म्हणजे गुप्त किल्ली, इंग्रजीत जिला सिक्रेट की म्हणतात. दुहेरी पडताळणी चालू करताना ती एकदाच बनते. एक प्रत त्या कंपनीच्या सर्व्हरवर राहते, दुसरी तुमच्या फोनमध्ये. पुढे दोघांना फक्त घड्याळ लागतं.

हिशोब असा. १ जानेवारी १९७० पासून आतापर्यंत ३० सेकंदांचे किती तुकडे झाले, तो आकडा घ्यायचा. तो आणि किल्ली एका गणिती चरकात घालायच्या. बाहेर येणाऱ्या चोथ्यातून सहा आकडे उचलायचे. चरक एकाच दिशेने फिरतो. चोथ्यापासून पुन्हा ऊस होत नाही, तसं सहा आकड्यांवरून किल्ली काढता येत नाही. २०११ साली ही रीत खुलं मानक म्हणून प्रसिद्ध झाली, त्यामुळे एका कंपनीचं ॲप दुसऱ्या कंपनीच्या खात्याला चालतं. रीत सगळ्यांना माहीत आहे, गुप्त आहे ती फक्त किल्ली.

आणि ही किल्ली तुमच्या डोळ्यांसमोरून गेलेली असते! सेटिंग करताना पडद्यावर चौकोनी क्यूआर कोड येतो ना, त्याच्या पोटात तीच असते. बरेच जण समजतात की तो ‘ॲप जोडायचा’ कोड आहे, काम झालं की संपला. तो संपत नाही. आज काढलेला त्याचा फोटो दोन वर्षांनी कोणी स्कॅन केला, तरी त्याच्या फोनवर तुमचेच सहा आकडे उमटतील, आणि तुम्हाला सूचना येणार नाही.

इथे जरा थांबू, कारण आपल्याकडे खरा धोका इथेच आहे. आपल्या गावांत खातं उघडणं, ईमेल काढणं, फॉर्म भरणं हे बहुतेक वेळा सेवा केंद्रावर किंवा पुतण्याच्या मोबाइलवर होतं. क्यूआर कोड दुकानाच्या पडद्यावर येतो, कोणीतरी म्हणतं, “स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवतो, काका.” माणूस चांगलाच असतो, मदतच करत असतो. पण ती किल्ली आता दुकानाच्या संगणकात, दोन फोनच्या गॅलरीत आणि कदाचित गॅलरीच्या ऑनलाइन बॅकअपमध्येही आहे. एखादा कोड चोराला कळला, तर त्याच्या हाती जेमतेम अर्धं-एक मिनिट असतं. नुकसान तेवढ्यातही होऊ शकतं, म्हणून कोडही सांगायचा नाहीच. किल्ली कळली तर पुढचे सगळे कोड त्याचे. त्यातून पासवर्ड बदलल्याने किल्ली बदलत नाही. दुहेरी पडताळणीत जाऊन ऑथेंटिकेटर नव्याने लावावं लागतं, तेव्हा जुनी रद्द होते.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. फोन तळ्यात पडला, तर ॲपबरोबर किल्लीही गेली. सिम नवं मिळतं, नंबर तोच राहतो, पण किल्ली सिममध्ये नसते. गूगलच्या ॲपने एप्रिल २०२३ पासून किल्ल्या गूगल खात्यात साठवायची सोय दिली आहे, ती उपयोगी आहे. पण त्या गूगल खात्याचीच किल्ली त्याच खात्यात ठेवली तर काय होईल? कपाटाची चावी कपाटात.

म्हणून आमचं मत सरळ आहे: कागद. क्यूआर कोडच्या आसपास ‘स्कॅन होत नसेल तर’ अशा अर्थाचा दुवा असतो. तो दाबला की किल्ली अक्षरांत दिसते, कुठे १६, कुठे ३२ अक्षरं. इंग्रजी वर्णमालेतली २६ अक्षरं आणि २ ते ७ हे सहा आकडे, मिळून ३२ चिन्हं. शून्य, एक, आठ, नऊ नाहीत. त्यामुळे गोल दिसलं तर ते ‘ओ’ अक्षरच, शून्य नव्हे. मात्र २ आणि ‘झेड’, ५ आणि ‘एस’ दोन्ही आहेत, तिथे हात सांभाळा. सगळं मोठ्या लिपीत लिहा, ‘झेड’च्या पोटात आडवी रेघ द्या. मधल्या मोकळ्या जागांना अर्थ नसतो.

लिहिलेलं बरोबर आहे का, हे तिथेच तपासा. घरच्या दुसऱ्या फोनवर ॲप उघडून कागदावरची किल्ली हाताने टाका. दोन्ही फोनवर एकाच वेळी तेच सहा आकडे आले तर कागद बरोबर. हे न करता ठेवलेल्या कागदाचा भरवसा आम्ही धरत नाही. मग तो सातबाराच्या, रजिस्ट्रीच्या कागदांबरोबर पेटीत ठेवा. मोबाइलच्या कव्हरमध्ये नको, आणि पासवर्डच्या वहीतही नको. गूगल आठ आकड्यांचे दहा राखीव कोडही देतं, प्रत्येक एकदाच चालतो. तेही उतरवून घ्या.

मघाशी एका ताईंनी विचारलं, “सगळं बरोबर आहे, तरी कोड चुकीचा म्हणतो.” बहुतेक वेळा घड्याळ चुकलेलं असतं. गेममध्ये बक्षीस लवकर मिळावं म्हणून पोरं फोनची तारीख पुढे करतात, आणि आईचं ईमेल उघडत नाही. तारीख-वेळ आपोआपवर ठेवा. काही सेकंदांचा फरक सर्व्हर सहसा चालवून घेतो, पाच मिनिटांचा नाही.

आणखी एक प्रश्न होता: कंपनीकडची प्रत चोरीला गेली तर? जाऊ शकते. मार्च २०११ मध्ये अमेरिकेतल्या आरएसए कंपनीवर सायबर हल्ला झाला. ती कोड दाखवणारी छोटी यंत्रं विकायची, आणि त्या यंत्रांशी संबंधित गुप्त माहिती चोरीला गेली. जूनमध्ये कंपनीने यंत्रं बदलून द्यायची तयारी दाखवली. एकच गुपित दोन ठिकाणी ठेवायच्या रीतीत हा कच्चा दुवा राहतोच. नव्या पासकी पद्धतीत खासगी किल्ली तुमच्याकडेच असते, कंपनीकडे तिची फक्त पडताळणी करणारी जोडी. जिथे पासकी मिळते तिथे ती घ्या. बाकी ठिकाणी कागद पेटीत.