भिंतींआधीची मंडळी

हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस शेकड्यात एकही भरत नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीसारखी किंवा जुन्या गोव्याच्या बॉम जेझससारखी यात्रेकरूंची रीघ लागणारी वास्तू इथे नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा आढावा घ्यायला मला हीच जागा योग्य वाटते. डोळे दिपवणारं शिखर समोर नसलं की नजर माणसांवर जाते, आणि चर्च म्हणजे मुळात माणसंच.

येशूनंतरची पहिली दोन-अडीचशे वर्षं ख्रिस्ती लोकांपाशी स्वतःची देवळं जवळजवळ नव्हतीच. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल प्रिस्का आणि अक्विला या दांपत्याला, आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला, सलाम कळवतो. राहुट्या करून पोट भरणारं हे जोडपं. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे उत्खननात सापडलेलं तिसऱ्या शतकातलं उपासनास्थळही मुळात राहतं घर होतं. भव्य वास्तू आल्या त्या पुढे, राजाश्रय मिळाल्यावर.

मराठवाड्यात मात्र ख्रिस्ती उपासना पलटणींबरोबरही आली. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि तिचे अधिकारी इंग्रज. 1903 मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणीतल्या उपासनेची भाषा साहेबाची होती आणि तिचं बिऱ्हाड बदलीच्या हुकमावर अवलंबून होतं. गावाशी नातं न जुळलेली उपासना पलटण हलली की हलते, मग मागे कितीही पक्की इमारत राहो.

दुसरी तऱ्हा जालन्याला दिसली. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक म्हणून जालन्यात काम उभं केलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. तिथे आलेले बहुतेक जण महार आणि मांग कुटुंबांतले. गावकुसाबाहेरच्या माणसांना स्वतःचं घर, शेत, शाळा आणि उपासना एकाच ठिकाणी मिळावी, हा त्यामागचा विचार. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती, आणि मराठवाड्याच्या इतिहासात तिला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही याची मला खंत वाटते. पण अशा वसाहतींचं दुखणंही खरं होतं. मिशनची जमीन, मिशनची नोकरी, मिशनचा निवाडा. आत आलेला माणूस सुरक्षित होई आणि आपल्याच भावकीला दुरावे.

हा दुरावा सर्वांत जास्त जाळत होता तो कवी ना. वा. टिळकांना. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. 1917 मध्ये त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मराठी मातीत मंडळी कशी असावी याचा याहून धाडसी विचार मला दुसरा दिसत नाही. दोन वर्षांत, मे 1919 मध्ये, टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

हिंगोलीकराला टिळकांचं म्हणणं समजावून सांगावं लागू नये. नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं, औंढा नागनाथही इथलंच. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे घालवलं आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, ही आख्यायिका इथल्या लेकरांनाही पाठ आहे. कीर्तनाची ही रीत मराठी ख्रिस्ती लोकांनीही उचलली. नगरचे कृष्णराव सांगळे टिळकांच्या आधीपासून ख्रिस्ती कीर्तनं करत. आज ‘उपासना संगीत’ हातात घेऊन टाळ-पेटीवर गाणारी मंडळी एखाद्याच्या ओसरीवर बसली, तरी तिची उपासना कुठेही उणी पडत नाही.

मंडळी माणसांतून घडते हे केडगावलाही दिसलं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या. 1905 मध्ये तिथे प्रार्थनेची जी लाट उसळली ती त्या मुलींमधूनच. रमाबाईंनी पंथांची बेडी स्वतःला कधी घालून घेतली नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या चर्चसंस्थाही पंथ आणि भाषेच्या भिंती ओलांडण्याच्या दिशेने वळल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये चर्चचं वर्णन ‘देवाची प्रजा’ असं केलं आणि लॅटिनची मिस्सा मराठीत आली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारत चर्च उभं राहिलं. 1977 मध्ये औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत झाला, त्यात मराठवाडा आला. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हेही मराठवाड्याने पाहिलं.

उपासनेसारखीच सेवाही नव्या वास्तूसाठी थांबत नाही. हिंगोलीच्या शेजारी वाशीमला नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायशर यांनी 1938 मध्ये शाळेच्या जुन्या इमारतीत दवाखाना सुरू केला; तेच रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. शाळेच्या खोल्यांत खाटा पडल्या आणि मंडळीची सेवा तिथून बाहेरच्या जगाला दिसली.

मात्र मंडळी म्हणजे माणसं, हे म्हणणं सोपं नाही. माणसं जात घेऊन येतात. प्रभुभोजनाला एका पेल्यातून पिणारे सोयरीक जुळवताना पुन्हा महार-मांग होतात, हे ख्रिस्ती समाजाने मोकळेपणी कबूल करायला हवं. दुसरं ओझं सरकारी कागदाचं. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने या जातींसाठीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. मुलाची शिष्यवृत्ती आणि मुलाचा धर्म यांतून एक निवडायची वेळ गरीब बापावर आणणारी ही तरतूद मला अन्यायाची वाटते. दारिद्र्य आणि जातीचा काच बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतला जात नाही.

विखुरलेल्या, मूठभर मंडळ्यांना आज नव्या वास्तूच्या निधीपेक्षा मराठीत नीट शिकलेला पाळक हवा, हिशेब उघडा ठेवणारे पंच हवेत आणि पंचांमध्ये बायका हव्यात. रविवारची सतरंजी अंथरण्यापासून आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनेला बसण्यापर्यंतची कामं त्याच तर करतात. आणि जागा मागायचीच, तर आधी दफनभूमीची मागावी. प्रार्थना कुणाच्याही घरात होते. मयत घेऊन मात्र परक्या गावी जावं लागू नये.